भुंगेऱ्याने मारलेले रान आणि त्यानंतरचे गवत : केनाई द्वीपकल्पातील चाळीस एकरांचे प्रकरण

पार्श्वभूमी

अलास्कातील अँकरेज शहराच्या दक्षिणेला समुद्रात शिरलेल्या केनाई द्वीपकल्पाच्या पूर्वेकडे बर्फाच्छादित डोंगर आहेत, तर पश्चिमेकडे सखल, दलदलीचा आणि वनांनी झाकलेला भाग आहे. या सखल भागात पाणथळ जागी किरकोळ अंगाचा काळा स्प्रूस (स्प्रूस म्हणजे सुईसारख्या पानांचे सूचिपर्णी झाड) वाढतो आणि निचऱ्याच्या उतारांवर पांढरा स्प्रूस किंवा पांढरा व सिटका स्प्रूस यांच्या संकरातून झालेला लुट्झ स्प्रूस वाढतो. या दोहोंच्या मध्येमध्ये बर्च आणि अस्पेन ही पानगळीची झाडे येतात. आपल्याकडे हिमालयात ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जवृक्षाचाच हा बर्च भाऊबंद असून त्याची साल तशीच पापुद्र्यापापुद्र्याने सुटते.

ज्या जमिनीचे हे प्रकरण आहे ती द्वीपकल्पाच्या दक्षिण भागातील सुमारे चाळीस एकरांची खासगी मिळकत आहे. जुन्या 160 एकरांच्या वसाहतीच्या वाटपातून आलेला हा तुकडा मासेमारीतून निवृत्त झालेल्या एका दांपत्याकडे आहे. त्यांची नावे आणि नेमके ठिकाण येथे मुद्दाम दिलेले नाही, शेजाऱ्यांचीही ओळख झाकली आहे. 1990 च्या सुमारास या चाळीस एकरांपैकी जवळपास तीस एकरांवर शंभराहून अधिक वर्षांचा दाट लुट्झ स्प्रूस होता. उरलेल्या जागेत बर्चचे पुंजके, थोडी दलदल आणि घराचे अंगण होते.

या रानाच्या इतिहासाविषयी दोन गोष्टी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे बरेच गैरसमज त्या ठाऊक नसल्यामुळे झाले. पहिली गोष्ट अशी की स्प्रूसच्या सालीखाली राहणारा भुंगेरा येथे पाहुणा नाही. झाडांच्या वाढवलयांवरून केलेल्या अभ्यासांनुसार 1810 च्या दशकापासून या द्वीपकल्पात त्याचे उद्रेक पुनःपुन्हा झालेले आहेत आणि दोन मोठ्या उद्रेकांमधील सरासरी अंतर सुमारे 52 वर्षांचे आहे. दुसरी गोष्ट वणव्याची. काळ्या स्प्रूसचे रान साधारण 90 वर्षांनी एकदा जळत आलेले आहे. मात्र पांढऱ्या आणि लुट्झ स्प्रूसच्या रानांत मातीतील कोळशाच्या वयावरून काढलेले सरासरी अंतर 400 ते 600 वर्षांचे निघते. म्हणजे एकाच जागी दोन वणव्यांच्या दरम्यान भुंगेऱ्याच्या आठ-दहा लाटा येऊन गेलेल्या असणार आणि तरी रान पेटलेले नसणार. कीड आणि आग यांची येथील घड्याळे वेगवेगळी आहेत, आणि हे संशोधन प्रसिद्ध होईपर्यंत आमच्या मालकांनी आपले पहिले तीन निर्णय घेऊन टाकलेले होते.

समस्या

हा भुंगेरा जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा असतो. मे ते जुलैच्या दरम्यान हवा सुमारे 16 अंश सेल्सिअसच्या वर गेली की तो उडतो, आणि त्याची पहिली पसंती उभ्या झाडाला नसून वाऱ्याने पडलेल्या, अजून ओलसर असलेल्या बुंध्याला असते. अशा बुंध्याला राळ सोडून प्रतिकार करता येत नाही. मादी साल पोखरून आत शिरते, सालीखालच्या रसवाही थरात उभे बीळ कोरते आणि त्याच्या कडांना अंडी घालते. अळ्या तो थर खात पसरतात, सोबत आलेली बुरशी लाकडावर निळसर डाग पाडते, आणि झाडाला अन्न पोचवणारी वाटच तुटते. सर्वसाधारणपणे हे जीवनचक्र दोन वर्षांचे असते, पण उन्हाळा उबदार असला तर ते एका वर्षात पुरे होते. 1987 नंतर द्वीपकल्पात असे उबदार उन्हाळे लागोपाठ आले, म्हणजे भुंगेऱ्याची पैदास दुप्पट वेगाने होऊ लागली आणि त्याच वेळी कोरडेपणामुळे झाडांची राळही आटली. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दक्षिण-मध्य अलास्कातील सुमारे 30 लाख एकर रानाला या उद्रेकाचा तडाखा बसला होता.

मालकांच्या जमिनीवर याची सुरुवात 1994 च्या शरद ऋतूतील एका वादळाने झाली. घरामागच्या उतारावर वीसेक मोठे स्प्रूस मुळांसकट उलथले. त्यांतील घराजवळची चार झाडे सरपणासाठी कापली गेली आणि बाकीची सवडीने पाहू म्हणून तशीच राहिली. 1996 च्या जूनमध्ये मालकीणबाईंना उभ्या झाडांच्या बुडाशी, सालीच्या खाचांमध्ये तपकिरी भुसा दिसला, बारीक चाळलेल्या कॉफीसारखा. झाडांची पाने हिरवीच होती, त्यामुळे दोघांनीही त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्या हिवाळ्यात सुतार पक्ष्यांनी साल सोलून बर्फावर तांबूस खपल्यांचे सडे घातले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाने फिकट होऊन गळू लागली. भुसा दिसल्यापासून पाने गळेपर्यंत जो वर्षभराचा काळ जातो तोच या किडीचा खरा फसवा काळ आहे. झाड हिरवे दिसते, पण ते मेलेलेच असते.

1998 पर्यंत बारा-चौदा इंचांहून जाड असलेला जवळजवळ प्रत्येक स्प्रूस मेला होता. मनगटाएवढी झाडे मात्र वाचली, कारण अळ्यांना पोसण्याइतका रसवाही थर त्यांच्यात नसतो.

विचारात घेतलेले पर्याय

मालकांपुढे तेव्हा चार वाटा होत्या.

त्यांतली सर्वांत सोपी म्हणजे काहीच न करणे. पश्चिमेकडच्या शेजाऱ्याने तीच धरली. दुसरी वाट म्हणजे सगळे रान ठेकेदाराला देऊन मोकळे होणे. त्या काळात मेलेल्या स्प्रूसचे तुकडे करून ते होमर बंदरातून जहाजाने आशियातील कागद कारखान्यांकडे जात, आणि ठेकेदार गावोगाव फिरत होते. भाव कमी होता. शिवाय मेलेले झाड उभ्या-उभ्या तडकते आणि कुजू लागते, त्यामुळे दरवर्षी किंमत घसरत होती. ठेकेदाराचे म्हणणे रास्त होते, पण त्यात घाईही होती. पूर्वेकडच्या शेजाऱ्याने सबंध जमीन त्याला दिली.

तिसरी वाट जिवंत उरलेली निवडक झाडे औषध फवारून वाचवण्याची होती. बुंध्यावर कार्बारिलची फवारणी भुंगेरा उडण्याआधी केली तर ती उपयोगी पडते. आत किडा शिरल्यानंतर तिचा काही उपयोग नाही. चौथी वाट होती पडलेल्या ओल्या बुंध्यांचा सापळा करण्याची: मुद्दाम झाड पाडायचे, त्यात भुंगेरे शिरू द्यायचे आणि पिल्ले बाहेर पडण्याआधी तो बुंधा जाळायचा किंवा सोलायचा. त्याच सुमारास मध्य प्रदेशातील मंडला भागात सालवृक्षांच्या खोडकिड्याचा मोठा उद्रेक चालू होता आणि तेथेही वनखात्याची माणसे नेमके हेच, ताज्या ओंडक्यांवर किडे गोळा करण्याचे, काम करीत होती. ही युक्ती उद्रेकाच्या आरंभी चालते. आजूबाजूची हजारो एकर झाडे पोखरली गेल्यावर चाळीस एकरांत सापळे लावणे म्हणजे पुरात बादलीने पाणी उपसणे होय, हे मालकांनी ओळखले आणि ती वाट सोडली.

चर्चेत सगळ्यांच्या मनावर एकाच गोष्टीचे दडपण होते: एवढे मेलेले लाकूड एकदम पेटणार. गावातील सभांतही हाच सूर होता. त्यामुळे प्रत्येक पर्याय ‘यातून किती लाकूड निघेल’ याच मापाने मोजला गेला. लाकूड काढल्यावर त्या जागी काय उगवेल हा प्रश्न कोणी विचारला नाही. मालकांनीही विचारला नाही, असे मालकीणबाई स्वतःच सांगतात.

केलेली कृती

1998 च्या वसंतात घराभोवतीचे बारा स्प्रूस फवारण्यात आले. त्यांतील तीन आधीच पोखरलेले होते, ते गेले. नऊ वाचले.

घराभोवतीच्या 100 फुटांच्या पट्ट्यातील मेलेली झाडे मालकांनी स्वतः तोडली, बर्च तेवढे राखले, सरपणाची रास भिंतीपासून दूर हलवली. या कामात घाई नव्हती आणि चूकही फारशी नव्हती.

उरलेल्या जमिनीबाबत त्यांनी मधला मार्ग काढला. घरामागच्या उताराचे पंधरा एकर ठेकेदाराला दिले आणि दलदलीकडचे पंधरा तसेच उभे ठेवले. ठेकेदाराशी करार करताना त्यांनी एक अट घातली, आणि ती त्या वेळी सर्वांना शहाणपणाची वाटली: तोड फक्त हिवाळ्यात, जमीन गोठलेली आणि बर्फाने झाकलेली असताना व्हावी, म्हणजे यंत्रांच्या पट्ट्यांनी माती उखडणार नाही आणि ओढ्यात गाळ जाणार नाही. अट नीट पाळली गेली. 1999 च्या मार्चपर्यंत उतार मोकळा झाला आणि बर्फ वितळल्यावर खालची शेवाळाची गादी जवळजवळ अखंड निघाली. अपवाद फक्त रस्त्यालगतच्या अर्ध्या एकराचा होता. तेथे ओंडके रचण्याची जागा होती, आणि ठेकेदाराला उशीर झाल्याने मे महिन्याच्या चिखलात यंत्रे फिरून ती जागा पार चेंदून निघाली होती. मालकांनी त्याबद्दल त्याच्या शेवटच्या हप्त्यातून रक्कम कापून घेतली.

नवी लागवड केली नाही. कीड लागून मेलेल्या रानाच्या तोडीनंतर पुनर्लागवडीची सक्ती राज्याच्या कायद्यात नव्हती आणि रान आपोआप येईल असा सर्वसाधारण समज होता.

परिणाम

रान आपोआप आले नाही. जे आले ते ब्लूजॉइंट नावाचे गवत होते. स्प्रूसच्या दाट सावलीत ते तग धरून विरळ उभे असते. वरचे छत्र गेले आणि ऊन जमिनीला लागले की त्याच्या जमिनीखालच्या खोडांना जागोजाग फुटवे येतात आणि दोन-तीन वर्षांत छातीइतक्या उंचीचे सलग कुरण तयार होते. हिवाळ्यात ते बर्फाखाली आडवे होऊन त्याची जाड चटई बनते. या चटईमुळे माती उशिरा तापते, आणि स्प्रूसच्या बारक्या बीला मातीपर्यंत पोचताच येत नाही. जे एखादे रोपटे उगवते त्यावर शरद ऋतूत गवत कोलमडून पडते आणि ते गुदमरते. 2004 पर्यंत मालकांचा पंधरा एकरांचा उतार असा गवताखाली गेला होता. पूर्वेकडच्या शेजाऱ्याकडे तर चाळीसच्या चाळीस एकर कुरणच होते.

या गवताने वणव्याचे वेळापत्रकच बदलून टाकले. स्प्रूसचे सावलीतले रान ओलसर असते आणि लवकर पेट घेत नाही. गवताची वाळकी चटई मात्र बर्फ गेल्यापासून नवे हिरवे पाते येईपर्यंत, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून मे महिनाभर, दुपारच्या दोन तासांच्या उन्हात पेटण्याजोगी होते. सह्याद्रीतील कुसळी गवताचे माळ फेब्रुवारीनंतर ज्या वेगाने पेटतात तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. राज्याने 2006 मध्ये वणव्याच्या हंगामाची कायदेशीर सुरुवात 1 मेवरून 1 एप्रिलवर आणली, त्यामागे हीच परिस्थिती होती.

19 जून 2007 रोजी द्वीपकल्पावरील निनिलचिक गावाच्या पूर्वेकडील कॅरिबू हिल्स भागात एक माणूस फावड्याला ग्राइंडरवर धार लावत होता. ठिणग्या वाळक्या गवतात पडल्या. पुढच्या काही दिवसांत सुमारे 55 हजार एकर जळाले आणि 197 बांधकामे नष्ट झाली, त्यांत 88 घरे आणि केबिन होत्या. भुंगेऱ्याने मारलेले, तोवर अर्धे कोसळलेले स्प्रूस या आगीत जळालेच. पण ठिणगी धरली गवताने, आणि पाडलेल्या पत्त्यांसारखे आडवेतिडवे पडलेले बुंधे ही नंतरची अडचण होती, कारण त्यांतून अग्निशमन दलाला वाटच काढता येत नव्हती. आमच्या मालकांची जमीन आगीपासून काही मैल दूर राहिली. त्यांनी गाडी भरून ठेवली होती, दोन रात्री कपड्यांनिशी झोपले, आणि वारा फिरला.

त्या जुलैमध्ये मालकीणबाईंनी जी गोष्ट पाहिली तिच्यामुळे या प्रकरणाला कलाटणी मिळाली. रस्त्यालगतच्या ज्या अर्ध्या एकराच्या नासाडीबद्दल त्यांनी ठेकेदाराचे पैसे कापले होते, तेथे बर्चची डोक्याइतकी उंच झाडे दाटीने उभी होती आणि त्यांच्या आडोशाला स्प्रूसची गुडघ्याएवढी रोपे होती. ही जागा मी पुढे स्वतः पाहिली. यंत्राच्या पट्ट्यांच्या दोन खुणा अजून ओळखू येतात, कारण बर्च त्यांच्यावर शेतातल्या ओळींसारखे रांगेत उगवलेले आहेत. दोन ओळींच्या मधल्या, न उखडलेल्या पट्टीत गवतच आहे.

कारण साधे आहे. बर्चचे बी इतके हलके असते की ते बर्फावरून वाऱ्याने घसरत दूर जाते, पण त्यात स्वतःचा शिधा जवळजवळ नसतो. त्याला रुजायला उघडी खनिज माती लागते. शेवाळाच्या गादीवर पडले तर दोन कोरड्या दिवसांत ते मरते. निसर्गात ही उघडी माती प्रखर वणव्याने मिळते. आग वरवर फिरून गेली तर सेंद्रिय थर टिकतो आणि त्यात आधीचीच झाडे परततात. काळा स्प्रूस तर राळेने बंद झालेली आपली फळे अशा आगीतच उघडतो. आग खोलवर जाऊन हा थर जाळून टाकते तेव्हा बर्च आणि अस्पेनला दार उघडते. भुंगेरा झाडे मारतो, पण जमिनीला हात लावत नाही. त्यामुळे भुंगेऱ्यानंतर वरचे छत्र जाते, खालची गादी राहते, आणि त्या दोहोंच्या मधली जागा गवत पटकावते. बर्फावरून केलेल्या नाजूक तोडीने मालकांनी नकळत भुंगेऱ्याचेच काम पुरे केले होते.

2008 च्या उन्हाळ्यापासून त्यांनी उतारावर पट्टे आखून छोट्या यंत्राने गवताचे गड्डे आणि शेवाळ खरवडून माती उघडी केली. ओढ्याच्या बाजूचे पट्टे उताराला आडवे घेतले, म्हणजे गाळ खाली जाणार नाही. बर्च वाऱ्यावर सोडला, स्प्रूसची रोपवाटिकेतली रोपे लावली. पहिल्या तीन हिवाळ्यांत मूस या थोराड हरणांनी बर्चचे शेंडे ओरबाडले आणि सशांनी स्प्रूस कुरतडला. घरामागच्या चार एकरांत तरीही रान उभे राहिले. बाकीच्या अकरा एकरांत खर्च झेपला नाही, तेथे आजही गवत आहे आणि दर वसंतात त्याच्या कडेने कापणी करून जाळरेषा काढावी लागते.

दलदलीकडचे, न तोडलेले पंधरा एकर अनपेक्षितपणे बरे निघाले. तेथे मेलेले बुंधे हळूहळू पडले, कुजू लागलेल्या जुन्या ओंडक्यांच्या पाठीवर स्प्रूसची रोपे रांगेने उगवली, आणि वाचलेल्या मनगटाएवढ्या झाडांनी मोकळी जागा मिळताच जोमाने वाढ घेतली. गवत तेथेही आहे, पण सलग नाही. उभ्या सांगाड्यांची आणि बर्चची विरळ सावली त्याला पुरेशी आडवी आली असावी असे माझे मत आहे.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा 1994 च्या वादळानंतरचा. पडलेली सोळा झाडे दुसऱ्या उन्हाळ्याआधी हलवली असती तर घरामागच्या भुंगेऱ्यांची पहिली पिढी तेथे वाढली नसती. यामुळे सबंध रान वाचले असते असे मी म्हणणार नाही, कारण आजूबाजूचा दाब प्रचंड होता. पण फवारणीची वेळ एखाद्या वर्षाने लांबली असती आणि घराजवळची आणखी काही झाडे हाती राहिली असती.

दुसरा टप्पा 1998 चा करार. येथे चूक भीतीची होती. मेलेल्या, पाने गळालेल्या उभ्या स्प्रूसच्या शेंड्यात जळण्याजोगे बारीक इंधन फारसे उरत नाही. घराला धोका असतो तो छपरावर, ओसरीवर आणि सरपणावर पडणाऱ्या निखाऱ्यांपासून आणि अंगणापर्यंत आलेल्या गवतापासून. 100 फुटांचा पट्टा साफ करण्याचे काम म्हणूनच अचूक होते, पंधरा एकरांची तोड मात्र घराच्या सुरक्षेसाठी गरजेची नव्हती. ती करायचीच होती तर उन्हाळ्यात, सपाट भागात माती उखडू देऊन, आणि बी देणारे बर्च राखून करायला हवी होती. हिवाळी तोडीची अट ओढ्यालगत योग्य आणि वरच्या भागात अयोग्य होती. एकच अट सगळ्या पंधरा एकरांना लावली गेली.

तिसरा टप्पा 1999 ते 2002 या काळाचा आहे. गवत धरण्याआधीची दोन-तीन वर्षे हीच लागवडीची खरी संधी होती. तेव्हा एका एकराला जे काम लागले असते त्याच्या कितीतरी पट 2008 मध्ये लागले.

चौथ्या टप्प्यावर मालक आता उभे आहेत. 2016 नंतर दक्षिण-मध्य अलास्कात भुंगेऱ्याचा नवा उद्रेक सुरू झाला. 2019 मध्ये 5 जूनला विजेने पेटलेला स्वान लेकचा वणवा ऑगस्टच्या कोरड्या वाऱ्याने पुन्हा उसळला, महामार्ग ओलांडून गेला आणि एकूण 1 लाख 67 हजार एकर जाळून थांबला. दलदलीकडची जी झाडे 1998 मध्ये बारीक म्हणून वाचली ती आता दहा-अकरा इंचांची, म्हणजे भुंगेऱ्याच्या आवडीची झाली आहेत. बर्चवरही युरोपातून आलेली पाने पोखरणारी माशी बसते आणि ऑगस्टमध्येच शेंडे तपकिरी दिसतात, जरी त्याने झाड सहसा मरत नाही.

फवारून वाचवलेल्या नऊ स्प्रूसपैकी सहा अजून उभे आहेत. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा मालकांनी त्यांतील दोघांवर निळ्या फितीची खूण केलेली होती. हे दोन यंदा हिवाळा संपण्याआधी पाडून, ओंडके सोलून, त्यांच्या जागची माती उघडी ठेवायची आणि शेजारच्या बर्चला बी टाकू द्यायचे असे ठरले आहे. बाकीच्या चारांना मे उजाडण्याआधी फवारणी होईल.